वस्तीभेट

१२ जुलै १९९४

श्री. रंगनाथराव वाळुंज यांस,
सविनय जयभीम.

माझं पत्र पाहून नवल वाटेल. दुसरं कोणी आठवलं नाही म्हणून तुम्हाला लिहिते आहे. बदली होऊन महिना झाला. इथे शिंगणापूरजवळच्या उपकेंद्रात नर्स म्हणून हजर झाले, पण प्रज्ञाचा शाळेचा दाखला तुमच्या गावातच राहिला. हेडमास्तरांना दोन कार्डं टाकली, उत्तर नाही. इथले गुरुजी म्हणतात, जुलैअखेर दाखला आला नाही तर चौथीत नाव घालता येणार नाही. पोरगी रोज वर्गात मागे बसते आणि हजेरीत तिचं नाव येत नाही.

तुमची वस्ती शाळेला लागून. हेडमास्तर तुमचं ऐकतील असं वाटलं. तुमच्यावर एवढा प्रसंग गुदरला त्याच वर्षी हे काम सांगायला जड जातं आहे. निघताना भेटायलाही आले नाही. भागिरथीबाई आणि बाळ गेल्यापासून तुमच्या ओट्यावर चढायचं धैर्य होत नव्हतं.

तुमच्या आईंना, राहीबाईंना नमस्कार सांगा.

यशोधरा साळवे


२५ जुलै १९९४

यशोधरा सिस्टर यांस,
रंगनाथ वाळुंज याचा रामराम.

दाखला रजिस्टर पोस्टानं पाठवलाय. हेडमास्तर म्हणला, शिक्का हरवलाय. मी म्हणलं, तुमी हुडका, मी बसतो इथंच. दुपारपातुर सापडला.

तुमच्या नावाआधी सौ. लिहायचं का श्रीमती ते कळंना, मग नुसतं सिस्टर लिहिलं. चुकलं असलं तर सोडून द्या.

इकडं बरं म्हणायचं. खोडवा ऊस कमरेला आलाय. मी रानात जातो, काम करतो, घरी येतो. आईला आता कमी दिसतं. भाकरी करपली तरी तिला कळत न्हाई, आमी दोघं तशीच खातो. धाकटा भाऊ आप्पासाहेब नि त्याची बायको पलीकडच्या खोल्यांत. भागिरथीच्या माहेरच्यांनी तेराव्यानंतर तोंड दाखवलं न्हाई. नऊ वर्षांनी पाळणा हलणार हुता. बाळाचं तर नावबी ठेवलं न्हवतं, त्यामुळं त्याला काय म्हणून रडायचं तेच कळत न्हाई.

तुमची प्रज्ञा रोज संध्याकाळी भागिरथीकडून वेण्या घालून घ्यायला यायची. आता वस्ती लई गप झालीय.

तुमची बदली झाली त्याचं वाईट वाटलं. जास्त काय लिहू.

रंगनाथ


१९ ऑगस्ट १९९४

रंगनाथरावांस,
जयभीम.

दाखला मिळाला. परवा हजेरीत नाव आलं तेव्हा प्रज्ञा इतक्या मोठ्यांदा 'हजर' म्हणाली की वर्ग हसला. तिनेच घरी येऊन सांगितलं.

राहीबाईंना मोतीबिंदू असणार. इथल्या आरोग्य केंद्रात नोव्हेंबरात शिबिर आहे, मी नाव घालून ठेवते. दोन दिवस राहावं लागेल. क्वार्टर पडायला आलंय म्हणून मी शिंगणापुरातच खोली घेतली आहे. गावच्या रिवाजाप्रमाणे तिला दार नाही. दोन साड्या जोडून पडदा केला आहे. चोरी होत नाही म्हणतात, तसं असेलही. पण एकटी बाई दिसली की कोणीही हाक न मारता पडदा सारून आत येतं आणि विचारतं, "बाई, मालक कुठं असतात?" मालक नगरजवळ नागापूरला एमआयडीसीत असतात, दुसरा संसार थाटून. मी म्हणते, "ड्यूटीवर." दिवसभर बायकांना खरं बोला म्हणून सांगायचं आणि घरी येऊन हे. कंटाळा येतो.

आईंना घेऊन या. एका साध्या ऑपरेशनवाचून त्यांची नजर जायला नको.

यशोधरा


२ डिसेंबर १९९४

यशोधरा सिस्टर यांस,
रंगनाथचा रामराम.

आईची पट्टी निघाली. पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं नि म्हणली, "किती वाळलास रं." वर्षभर तिला ते दिसलं न्हवतं, ते बरं हुतं.

तुमच्याकडं जेवताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, त्याची लाज वाटती. तुमी मिरचीचं नाव केलं, प्रज्ञानं पाणी आणून दिलं. मिरची न्हवती. तुमी भाकरी वाढल्यावर "अजून?" असं विचारलं. मला कोणी विचारून लई दिवस झाले हुते, एवढंच.

आईनं घरची भाकरी बांधून आणली हुती नि तीच खाल्ली, ते तुमी बघितलं. तुमी काय बोलला न्हाई. मीबी बोललो न्हाई. मी बोलायला पायजे हुतं.

मी कधीमधी पत्र लिहिलं तर चालंल का? काम काय न्हाई.

रंगनाथ


८ जानेवारी १९९५

रंगनाथरावांस,
जयभीम.

चालेल. पण एक सांगते. तुमचं पत्र आलं की पोस्टमन ते पारावर वाचल्यासारखं करतो आणि मग देतो. माझं इथे वर्षही भरलेलं नाही. तुम्ही मराठा बागायतदार, मी बौद्ध, त्यात नवऱ्याने टाकलेली. लोक तुम्हाला शहाणपण शिकवतील आणि मला नावं ठेवतील.

आईंच्या भाकरीचं मनावर घेऊ नका. मी लहानपणापासून पाहते आहे. दुखत नाही असं नाही, पण आता त्याच्याशी भांडायला अंगात जोर नसतो. सकाळी लसीकरण, दुपारी वस्त्या, संध्याकाळी रिपोर्ट. मग प्रज्ञाचा पाढा घेता घेता मीच पेंगते आणि तीच मला हलवते, "आई, तेरा सत्ते?"

तुमची पत्रं मी दोनदा वाचते. पारावरच्या लोकांना एवढंच माहीत नाही.

यशोधरा


२० मार्च १९९५

यशोधरा यांस,
रंगनाथचा रामराम.

सिस्टर लिहिलं न्हाई, राग मानू नका.

मागल्या दोन महिन्यांत तीनदा तुमच्याकडं येऊन गेलो. दर वेळी आईच्या डोळ्याच्या औषधाचं निमित्त. औषध आता तिलाच नको झालंय. मग सरळच लिहितो. तुमची सोडचिठ्ठी झालेली हाय असं तुमीच सांगितलं, मी एकटा हाय. आपण लग्न करावं असं माझ्या मनात हाय.

मला गोड बोलता येत न्हाई. माझ्याकडं उमेदबी फार उरलेली न्हाई. भागिरथी मनातनं जायची न्हाई, ती जावी असं मला वाटतबी न्हाई. पण तुमच्याकडनं परतताना एसटीत मी दर वेळी पुढच्या खेपंचा विचार करतो. वर्षभर मी पुढचा विचारच केला न्हवता.

आईला सांगितलं. ती दोन दिवस जेवली न्हाई. आप्पासाहेब म्हणला, "दादा, गावात तोंड कसं दाखवायचं?" मी म्हणलं, हाय तसंच दाखवायचं.

प्रज्ञाला आधी विचारा.

रंगनाथ


६ एप्रिल १९९५

रंगनाथरावांस,
जयभीम.

प्रज्ञाला विचारलं. ती म्हणाली, "काका आपल्याकडे राहणार की आपण काकांकडे?" बस्स. तिच्या दृष्टीने तेवढाच प्रश्न आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. तो सांगितल्यावर तुम्ही पुन्हा विचाराल असं वाटत नाही, पण न सांगता तुमच्या घरात पाऊल टाकता येणार नाही.

भागिरथीबाईंना कळा लागल्या आणि झटके आले त्या दिवशी आप्पासाहेब मला बोलवायला आले. केंद्राला कुलूप होतं. मी डायरीत लिहिलं होतं, 'वस्तीभेट'. ते खोटं होतं. मी नगरला कोर्टात होते. सोडचिठ्ठीची शेवटची तारीख होती, रजा मागितली असती तर मिळाली नसती. चार वर्षं तारखा खाल्ल्या होत्या. जज्जसाहेबांनी निकाल दिला तेव्हा मी कोर्टाच्या पायरीवर बसून एक अख्खा ग्लास उसाचा रस प्यायले, मोकळी झाले म्हणून. पाचच्या गाडीने परतले तेव्हा तुमच्या वस्तीवर माणसं जमली होती.

मी असते तर आरोग्य केंद्राची जीप बोलावली असती. वाचल्या असत्या की नाही, माहीत नाही. पण मी नव्हते.

दोन दिवस आधी मी तुम्हाला सांगितलं होतं, पाय सुजलेत, बीपी वाढलंय, नगरला न्या. तुम्हाला जमलं नाही, ऊसतोडीची गडबड होती. त्यावरून मी तुम्हाला मनातही दोष दिला नाही. मला काय तोंड होतं? उलट आरोग्य खात्याची चौकशी झाली तीत तुम्ही माझ्याविरुद्ध चकार शब्द काढला नाही असं मी समजते. म्हणूनच बदलीवर निभावलं. त्याचे उपकार मी विसरलेले नाही.

आता तुम्ही ठरवा.

यशोधरा


११ जून १९९५

रंगनाथरावांस,

दोन महिने झाले, पत्र नाही. समजायचं ते समजले. तुमच्या जागी मी असते तर मीही लिहिलं नसतं. प्रज्ञा विचारते. तिला मी सांगितलं, काकांच्या शेतात काम फार आहे.

आईंच्या दुसऱ्या डोळ्याकडे लक्ष असू द्या.

यशोधरा


३ सप्टेंबर १९९५

यशोधरा यांस,
रंगनाथचा रामराम.

तुमचं पत्र आल्यावर मी रागावलो असं तुमाला वाटलं. ते तसं न्हाई. मी पत्र घेऊन पाटाच्या कडंला बसलो नि मला तुमी लिहिलेला एकच शब्द दिसत हुता. 'उपकार'. उपकार मी केलेच न्हवते.

तेराव्याच्या आतच चौकशीला डॉक्टर आले हुते. त्यांनी मला विचारलं, "सिस्टरनं आधी दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं का?" माझ्या शेजारी भागिरथीचा बाप बसला हुता. मी म्हणलं, "न्हाई. कोणी काय सांगितलं न्हाई." डॉक्टरनं लिहून घेतलं. मी सही केली. तुमची बदली त्या सहीनं झाली. कोर्टाचं कोणालाच ठावं न्हवतं.

तुमी मला सांगितलं हुतं. ओट्यावर उभं राहून, बोट नाचवून सांगितलं हुतं. कारखान्याची तोड आली हुती, मजूर रानात उतरले हुते. मी दोन दिवस थांबलो. त्या दोन दिवसांत मी दोन एकर ऊस कारखान्याला घातला.

दाखल्याचं पत्र आलं तेव्हाच सांगणार हुतो. मग डोळ्याच्या वेळी. मग लग्नाचं लिहिताना. दर वेळी वाटायचं, सांगितलं की तुमची पत्रं बंद. तुमी तुमचं सगळं लिहून मोकळ्या झालात नि मी तुमच्यापेक्षा पाच महिने मागं राहिलो.

गेल्या महिन्यात तालुक्याला जाऊन आरोग्याच्या साहेबाकडं लिहून दिलं. सिस्टरनं सांगितलं हुतं, मीच नेलं न्हाई, माझा आधीचा जबाब खोटा. साहेब म्हणले, फाईल बंद झालीय, आता कशाला? मी म्हणलं, कागद घ्या नि पोच द्या. पोच सोबत जोडलीय. मग भागिरथीच्या बापाकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं नि आत निघून गेले. मी दारात थांबलो. आतनं कोणी आलं न्हाई.

रंगनाथ


१२ सप्टेंबर १९९५

रंगनाथराव,

माझ्या सेवापुस्तकात शेरा आहे: 'धोक्याच्या मातेस वेळेवर पाठवले नाही.' मी पंधरा महिने तो शेरा माझ्या कोर्टाच्या पापाचा म्हणून सोसला. वरिष्ठ बोलले, खाली मान घातली. पोरीची शाळा तुटली, दार नसलेल्या खोलीत आले, तेव्हाही म्हटलं, भोगायलाच हवं. आणि तुम्ही माझ्या समोर बसून माझ्या हातची भाकरी खात होतात.

मी खोटं लिहिलं ते माझ्यासाठी. तुम्ही खोटं बोललात ते माझ्या नावावर. हा फरक मला विसरता येणार नाही.

पोच ठेवून घेतली. पत्र लिहू नका.

यशोधरा साळवे


२१ जानेवारी १९९६

यशोधराबाईला राहीबाईचा आशीर्वाद.

शाळेच्या मास्तरीणबाईकडून लिहून घेतेय. ती म्हणती, जसं बोलशील तसं लिहीन. तर जसं हाय तसं सांगते.

रंगनाथला ठावं न्हाई मी हे लिहितेय ते. त्यानं तुला सगळं सांगितलं म्हणतो, पर सगळं सांगितलं न्हाई. तू ओट्यावर सांगून गेलीस तेव्हा तो आप्पासाहेबाला जीप बघायला धाडत हुता. मी आडवी आले. म्हणलं, तोड आलीय, दोन दिसानं ने. मी पाच बाळंतपणं ह्याच घरात केली, मला कोणी नेलं हुतं का नगरला? आन ती महारीन काय म्हणती म्हणून तू घाबरतोस? असं बोलले मी. भागिरथी भिताडाला टेकून बसली हुती. तिनं माझ्याकडं बघितलं.

चौकशीच्या वक्ताला मीच त्याला म्हणलं, काय सांगू नगंस. त्याच्या कागदात त्यानं माझं नाव घातलं न्हाई. तुलाबी कळवलं न्हाई. आईला झाकलं. मला ते झाकण आता सोसत न्हाई.

बाई, तुझ्या घरात मी माझी भाकरी खाल्ली. तू पट्टी बांधली, डोळ्यात थेंब सोडले, माझं डोकं मांडीवर घेतलंस. नजर तुझ्यामुळं आली, आन आता ह्या नजरेनं रोज ते भिताड दिसतं.

आप्पासाहेब वायला निघाला, चूल वेगळी मांडली. भावकी येत न्हाई. रंगनाथ नुसतं कामच करतो. तू त्याला घे म्हणून मी सांगत न्हाई, तेवढं माझं तोंड न्हाई. फक्त खरं काय हुतं ते तुला ठावं असावं. मला शिव्या द्यायच्या तर येऊन दे.

राहीबाई
(लिहिणार: मास्तरीणबाई. मी एक शब्द वगळायला सांगत होते, त्यांनी वगळू दिला नाही.)


११ फेब्रुवारी १९९६

रंगनाथरावांस,
जयभीम.

तुमच्या आईंचं पत्र आलं. त्यांना विचारा म्हणजे कळेल. तो शब्द वाचून मी पत्र बाजूला टाकलं, आणि चार दिवसांनी पुन्हा घेतलं. त्यांनी तो झाकला असता तर मी परत घेतलं नसतं.

काल इथून जवळच्या एका वस्तीवर एक बाई अडली होती. सासू म्हणत होती, उद्या नेऊ. मी अंगणात बसून राहिले. म्हटलं, गाडी येईपर्यंत उठणार नाही, काय करायचं ते करा. शेवटी सासूच शेजारच्याचा टेम्पो घेऊन आली. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. परत येताना फार थकले होते आणि एकदम वाटलं, हे तुम्हाला सांगावं. दुसऱ्या कोणाला सांगावंसं वाटलं नाही.

माफ केलं असं लिहिता येत नाही. तुम्हीही मला माफ केलं असं लिहू नका. जी माफ करू शकली असती ती नाही. आपण तिघांनी मिळून तिला घालवलं, हे तिघांना माहीत आहे, एवढंच. हे लपवून मी दुसऱ्या कोणाशी संसार केला तर तिथे मी पुन्हा 'ड्यूटीवर' म्हणत राहीन.

म्हणून विचारते. तुमचा विचार अजून तोच आहे का? असेल तर ऐका. मी नोकरी सोडणार नाही. तुमच्या गावाजवळ, देवळालीकडे बदली मागेन, मिळेपर्यंत इथेच राहीन. प्रज्ञाचं नाव बदलायचं नाही. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो लागेल, तसा भागिरथीबाईंचाही. लग्न नगरला रजिस्टर करायचं. आईंनी आपल्यात राहावं. पण आपण एका ताटलीतून नाही, तरी एका तव्यावरचं खायचं. आणि कोणी कोणाला झाकायचं नाही, आईलासुद्धा.

यापेक्षा गोड मलाही लिहिता येत नाही.

यशोधरा


२० फेब्रुवारी १९९६

यशोधरा,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तव्याचं ऐकल्यावर ती म्हणली, "तिला सांग, माझ्या भाकरी करपत्यात, तिनंच कराव्यात." मग रडली. मग म्हणली, "न्हाई, मीबी करीन."

विचार तोच हाय. सगळं कबूल. रजिस्टर ऑफिसात नोटीस द्यायची असती, महिना लागतो. साक्षीदार म्हणून मास्तरीणबाई नि तिचे मालक येतो म्हणाले. आप्पासाहेबाला विचारलं. तो हो म्हणला न्हाई, पर न्हाईबी म्हणला न्हाई. भागिरथीच्या वडलांना कार्ड टाकलंय. त्यांनी यावं म्हणून न्हाई. दुसऱ्याकडून कळू नये म्हणून.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येतो, नोटिशीवर तुझी सही घ्यायला. शनिवारी तिकडं गर्दी असती, तरी येतो. एक मागायचं हुतं. आल्यावर चहापाणी, जेवण काय करू नको. दोन वर्षं झाली, मला धड झोप लागलेली न्हाई. डोळा लागला की ओट्यावरचा तुझा आवाज येतो, "नगरला न्या." तुझ्या खोलीत मला दुपारचा तासभर पडू दे. गावात कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

रंगनाथ


२४ फेब्रुवारी १९९६, शनिवार

रंगनाथ,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, तुमच्या उशाशी ठेवते आहे. मला अचानक बोलावणं आलं म्हणून मळ्यातल्या वस्तीवर जाते आहे. खरोखरच वस्तीवर. कळा सुरू झाल्यात, बीपी ठीक आहे, तरी नगरला नेणार आहे. उशीर होईल.

तुम्ही दहा वाजता आलात, 'आलो' म्हणालात आणि भिंतीकडे तोंड करून जे झोपलात, ते आता तीन वाजले तरी तसेच आहात. मध्ये दोघीजणी पडदा सारून डोकावल्या. एकीने विचारलं, "कोण हो बाई?" मी म्हटलं, "माझे होणारे मालक. हळू बोला."

सही केली आहे. जाग आली की डब्यात भाकरी आहे. नाही आली तरी चालेल. प्रज्ञा पायरीवर बसली आहे, कोणाला आत सोडणार नाही म्हणते.

यशोधरा